फोर्टेपियानोवर सोनाटा मुद्रित करताना

आजच्या ग्रँड पियानोसाठी माइक जिथे ठेवतो तिथेच तो फोर्टेपियानोसमोर, म्हणजे अठराव्या शतकातल्या जुन्या घडणीच्या पियानोसमोर ठेवला, की वाद्याऐवजी हॉलच मुद्रित होतो. मोझार्टच्या काळातला आंटोन वॉल्टरचा व्हिएन्नाचा पियानो, किंवा त्याबरहुकूम आज घडवलेला, पाच सप्तकांचा, ६१ पट्ट्यांचा असतो. सांगाडा लाकडी, तारा बारीक, इवल्याशा हातोड्यांवर चामडं. आघात लख्ख उमटतो आणि आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, लगेच सरते. म्हणून चहूबाजूंनी ऐकणारे दोन माइक एकमेकांपासून ४०-५० सेंटिमीटरवर ठेवून दीड-दोन मीटर अंतरावरून सुरुवात करावी. वाद्याचा आवाजच लहान, त्यामुळे माइकची स्वतःची खरखर जितकी कमी तितकं बरं.

खरी कसोटी सुराची. टेक (एका दमात केलेलं मुद्रण) चालू असताना हॉलचा एसी बंदच ठेवावा लागतो, कारण हळुवार जागी त्याची घरघर स्वरांइतकीच ऐकू येते. एसी बंद झाला की दिव्यांनी हवा तापते, बारीक तारा लगेच सैलावतात आणि सूर उतरतो. हवेतला ओलावा वाढला तर उलट घडतं: ध्वनिफळी फुगते आणि सूर चढतो, तोही सगळीकडे सारखा नाही, मधल्या सप्तकात जास्त. मधला ‘ए’ स्वर ४३० हर्ट्झला लावलेल्या वाद्यात १ हर्ट्झचा फरक म्हणजे सुमारे ४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). सोनाटाच्या संथ भागात दोन टेक जोडले की तेवढाही खटकतो. सॉफ्टवेअरने अख्खा टेक वर-खाली सरकवता येतो, पण एकाच स्वराच्या दोन तारा आपसात फाकल्या असतील तर तिथे कुठलंच सॉफ्टवेअर कामाचं नाही. त्यामुळे एका भागाचे सगळे टेक एकाच लावणीत उरकावेत, प्रत्येक टेकच्या आधी मधला ‘ए’ वाजवून तोही मुद्रित करावा, आणि वाद्य लावणारा माणूस दिवसभर हॉलमध्येच असावा. यात काटकसर करू नये.

कुरकुर शोधायला वेळ राखून ठेवा. या पियानोला पायाचं पेडल नसतं. डॅम्पर, म्हणजे तारांचा नाद थांबवणाऱ्या गाद्या, गुडघ्याने दांडी वर ढकलून उचलतात. ती दांडी करकरते, डॅम्पर तारांवर परत बसताना धप्प आवाज येतो, बाकही बोलतं. लाकडाला-चामड्याला तेल लावू नये, ते मुरतं आणि भाग चिकटतात. हातोडीची हलकी टकटक मात्र पुसू नये. ती वाद्याचीच आहे.

बीथोव्हेनच्या ऑप. २७ क्र. २ च्या (‘मूनलाइट’ सोनाटाच्या) पहिल्या भागात डॅम्पर उचलूनच वाजवण्याची सूचना आहे. आजच्या पियानोवर ती शब्दशः पाळली तर एका स्वरसंघाचा दुसऱ्यात चिखल होतो. फोर्टेपियानोवर आस आखूड असल्यामुळे बास (सगळ्यात खालचा स्वर) बदलेपर्यंत आधीचा स्वरसंघ बराचसा विरलेला असतो, उरतं ते पातळ धुकं. पण हॉलचा घुमारा तीन सेकंदांचा असेल तर हा फायदा हातचा गेला. दीड सेकंदाच्या आतली लाकडी खोली घ्यावी आणि नंतर कृत्रिम घुमारा चढवू नये.

मॉडरेटर ओढला की हातोडी आणि तारांमध्ये कापडाची पट्टी येते आणि आवाज एकदम खाली जातो. तेवढ्यासाठी गेन (माइकचा आवाज वाढवून घेण्याचं प्रमाण) वाढवू नका. सोनाटाच्या सगळ्यात जोरकस जागेवर पातळी एकदा ठरवली, की शेवटच्या टेकपर्यंत तीच ठेवा.