मागे गेलेली कातडी

ओपीडी आवरत आली होती, तेवढ्यात सिस्टर आत आल्या. "सर, बाहेर एक लहान मुलगा आहे. त्याला आधी घ्या." मागोमाग वडिलांच्या कडेवर पाच वर्षांचा मुलगा. कमरेला टॉवेल, पाय फाकवलेले, रडून रडून घसा बसलेला. सकाळपासून त्याने लघवी केलेली नव्हती. आईच्या हातात महिनाभरापूर्वीची चिठ्ठी होती. तिच्यावर एवढंच: "फायमोसिस. सर्जनना दाखवा."

टॉवेल बाजूला केला आणि चिठ्ठी मागे पडली. पुढची कातडी शिश्नमुंडाच्या मागे जाऊन तिथेच अडकली होती. तिचं घट्ट कडं झालं होतं. कड्याच्या पुढचा भाग पाणी भरल्यासारखा टपोरा सुजलेला, मुंड लालसर जांभळं. पॅराफायमोसिस. फायमोसिसमध्ये कातडी मागे जात नाही. यात मागे गेलेली पुढे येत नाही. फायमोसिसला बहुतेक वेळा सवड असते, याला नसते. कड्यामुळे शिरांमधलं रक्त परत फिरेनासं होतं, सूज वाढते, सुजेमुळे कडं आणखी आवळतं. ते चक्र वेळेत तोडलं नाही तर मुंडाला रक्त मिळणंच बंद होऊ शकतं.

"काल काय झालं?" मी विचारलं. आईने वडिलांकडे पाहिलं. वडील खाली बघत म्हणाले, "रोज आंघोळीच्या वेळी कातडी मागे ओढायची, म्हणजे मोकळी होते, असं सांगितलं होतं. काल रात्री पहिल्यांदा पूर्ण मागे गेली. मला वाटलं, झालं काम."

कातडी पुन्हा पुढे आणायची असते, हे मात्र त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. हा अर्धा सल्ला मला फार वेळा भेटतो. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घालून झाल्यावर कातडी पुढे आणायची राहून जाते आणि मोठ्या माणसांनाही हेच होतं, तेही दवाखान्यात दाखल असताना.

बधिर करणारी जेली लावली आणि ती चढेपर्यंत थांबलो. मुलाला आईच्या मांडीवर टेकवून बसवलं. मग ओल्या गॉझमध्ये सुजलेला भाग धरून मुठीने सावकाश, सलग दाब देत राहिलो. बघणाऱ्याला वाटतं डॉक्टर नुसते धरून बसलेत. पण खरं काम हेच असतं. सूज उतरली नाही तर कितीही ओढा, कातडी फाटेल पण पुढे येणार नाही. सिस्टरनी तोवर ऑपरेशन थिएटरला कळवून ठेवलं होतं. हाताने जमलं नसतं तर सुईने टोचून सुजेतलं पाणी काढायचं, तेही पुरलं नाही तर भूल देऊन कड्याला चीर द्यायची.

ती वेळ आली नाही. दोन्ही अंगठ्यांनी मुंड आत दाबलं, बोटांनी कातडी पुढे घेतली, आणि कडं एकदम सुटलं. मुलगा क्षणभर गप्प झाला आणि लगेच त्याने माझ्या शर्टावर लघवीची धार सोडली. त्या दिवशी त्याहून चांगली बातमी नव्हती.

"आता ऑपरेशन करूनच टाका," वडील म्हणाले. "परत ही भानगड नको."

मी नाही म्हणालो. जन्मतः कातडीचं आतलं अस्तर मुंडाला चिकटलेलंच असतं आणि वाढत्या वयात ते आपोआप सुटत जातं. 1949 मध्ये डग्लस गेर्डनर या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने दाखवलं की नवजात मुलांपैकी जेमतेम 4 टक्क्यांचीच कातडी पूर्ण मागे जाते. 1968 मध्ये डेन्मार्कच्या याकोब ओस्टर यांनी शाळकरी मुलं तपासली: सहा-सात वर्षांच्या मुलांत फायमोसिस 8 टक्के, सोळा-सतराव्या वर्षी 1 टक्का. यातल्या फारच थोड्या मुलांवर ऑपरेशन करावं लागलं.

आईच्या शंका वेगळ्या होत्या. लघवी करताना पुढे फुगा येतो, त्याचं काय? धार नीट असेल, दुखत नसेल, तर काही नाही. कातडी सुटत असतानाचा तो टप्पा आहे. आणि कातडीखाली पांढरे दाणे दिसतात, तो पू का? नाही, त्या साठलेल्या पेशी. आपोआप बाहेर पडतात. मला काळजी वाटते ती वेगळ्या कातडीची. हलकेच मागे घेतली की टोकाशी गुलाबी अस्तर दिसायला हवं. त्याऐवजी पांढरं, कडक, व्रणाचं कडं दिसलं तर तो लायकेन स्क्लेरोसस हा कातडीचा जुनाट आजार असू शकतो, आणि तिथे सुंता हाच बहुधा खरा उपाय. या मुलाला तसं काही नव्हतं. ओढाताणीने पडलेल्या बारीक चिरा मात्र होत्या, आणि अशा चिरा भरतानाच व्रण धरतो.

म्हणून काही आठवडे हात लावायचा नाही. चिरा भरल्यावर 0.05 टक्के बीटामेथासोनचं मलम, अरुंद भागावर पातळ थर, दिवसातून दोनदा, सहा आठवडे. 'स्टिरॉइड' ऐकून दोघांचेही चेहरे बदलले, ते नेहमीचंच. इतक्या थोड्या जागेवर, इतक्या थोड्या दिवसांसाठी ते सुरक्षित आहे आणि बहुतेक मुलांना त्याने गुण येतो.

आई मुलाला घेऊन बाहेर गेली. वडील थांबले. "हे मोठ्या माणसाला होतं का?"

मग कळलं, त्यांना एवढी घाई का होती. वर्षभरात त्यांची स्वतःची कातडी आवळत गेली होती. कडेला चिरा, जळजळ. बायकोलाही सांगितलं नव्हतं. आपलं झालं तसं मुलाचं होऊ नये, म्हणून ते रोज ओढत होते.

आधी मोकळी असलेली कातडी प्रौढ वयात आवळू लागली तर आम्ही आधी साखर बघतो. लघवीतून साखर जाऊ लागली की त्या ओलसर जागी बुरशी वाढते, चिरा पडतात, भरतात, पुन्हा पडतात. सिस्टरनी बोटाला सुई टोचली. आकडा आला 312. त्यांना मधुमेह असल्याचं तोवर माहीतच नव्हतं.

बुरशीचं मलम दिलं, फिजिशियनकडे पाठवलं. चिठ्ठीत जननेंद्रियाच्या संसर्गाचा मुद्दाम उल्लेख केला, कारण मधुमेहाच्या डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या साखर लघवीवाटेच बाहेर काढतात आणि असा त्रास वाढवू शकतात.

सुंतेचं ऑपरेशन शेवटी झालं, पण वडिलांचं, साखर आटोक्यात आल्यावर. काढलेली कातडी बायोप्सीला पाठवली. रिपोर्ट लायकेन स्क्लेरोसस. तो मूत्रमार्गाच्या तोंडाशीही पसरू शकतो, म्हणून लघवीची धार बारीक झाली तर लगेच या, असं सांगितलं आहे. मुलाची कातडी मलमानंतर निम्म्यापर्यंत मागे जाते, पुढेही येते. त्याला पुढची तारीख दिलेली नाही.