वर्कशॉप म्हणजे काम नव्हे हो!

मेक्सिकोहून येऊन दीड महिना झाला, तरी तो चेक-इन काउंटर आठवला की अजून डोकं तडकतं. म्हणून आधी तेच लिहिते, फोटोंचं नंतर.

वाहाका शहरापासून ३० किलोमीटरवर तेओतित्लान देल वाये हे झापोतेक या तिथल्या मूळ समाजाच्या विणकरांचं गाव आहे. तिथे फेब्रुवारीत आठ दिवसांची फोटोग्राफी कार्यशाळा होती. पैसे, तिकीट, सगळं चटकन झालं. आपल्याला मेक्सिकोचा व्हिसा लागतो, पण अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर फिरायला जाण्यासाठी वेगळा काढावा लागत नाही. लेकीच्या बाळंतपणाला काढलेला माझा दहा वर्षांचा व्हिसा अजून चालू होता. म्हटलं, सुटले.

रात्री साडेअकराला काउंटरवरच्या मुलाने पासपोर्टची पानं दोनदा उलटली.

"मॅडम, मेक्सिकोचा व्हिसा?"

"लागत नाही."

"पण हा तर अमेरिकेचा आहे."

"म्हणूनच लागत नाही!"

तो साहेबांना शोधायला गेला तो वीस मिनिटं आलाच नाही. मागे रांगेतली माणसं माझ्याकडे चोरट्या नजरेने बघत होती. साहेब आले आणि त्यांनी 'कशासाठी जाताय' विचारलं. मी मोठ्या अभिमानाने आयोजकांचं पत्र पुढे केलं. तिथेच चुकलं. पत्रात ठळक अक्षरांत 'वर्कशॉप'. साहेब म्हणाले, "वर्क आहे म्हणजे वर्क परमिट लागेल."

अहो, मी पैसे देऊन शिकायला चाललेय, मला कोण पगार देतंय! हे तीन वेळा, तीन सुरांत सांगितलं. तिसरा सूर जरा वरचाच लागला. मेक्सिकोच्या नियमात 'मोबदल्याचं काम न करणारा पाहुणा' असा सरळ वर्ग आहे, १८० दिवसांपर्यंतचा. तो कागद छापून नेला होता, पण नेमका चेक-इनच्या बॅगेत, कपड्यांच्या तळाशी. मग काउंटरसमोरच बॅग उघडली. पेटीकोट, मेतकुटाची पुडी, ट्रायपॉड, सगळं बाहेर. कागद मिळाला, तर साहेब म्हणाले, "हे इंटरनेटवरचं आहे." शेवटी त्यांनी, विमान कंपन्या व्हिसाचे नियम बघायला वापरतात त्या टाइमॅटिक नावाच्या प्रणालीत नियम शोधला आणि तो मी म्हणत होते तसाच निघाला. चुकीचा प्रवासी नेला तर कंपनीला दंड बसतो, हे कळतं मला. पण मग स्क्रीन आधी बघावी ना! एक तास चाळीस मिनिटं गेली. "सॉरी" कोणी म्हटलं नाही.

तर, कागद हातातल्या पिशवीत ठेवा. परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंगही. आणि विचारल्याशिवाय 'वर्कशॉप' शब्द तोंडातून काढू नका. मेक्सिको सिटीत अधिकाऱ्याने दोन प्रश्न विचारले, शिक्का मारला, झालं.

गावात पहिला दिवस कॅमेरा बॅगेतच ठेवायचा नियम होता. इतकं सोसून आल्यावर मला राग आला, पण निमूट बसले. समोर एक आजी पाट्यासारख्या दगडावर वाळलेले किडे वाटत होत्या. निवडुंगावर वाढणारी ही कोचिनील कीड. गर्द लाल पूड तळहातावर घेऊन त्यांनी लिंबू पिळलं, तर रंग भडक केशरी झाला. मग सोडा टाकला, तर जांभळा! आपण 'किरमिजी' म्हणतो त्या शब्दातही कृमीच आहे, हे तेव्हा आठवलं. कॅमेरा हातात असता तर मी तो तळहात नीट पाहिलाच नसता.

येवल्यात विणकर मागावर बसलेले पाहिले होते, इथे उभ्याने विणतात. अंगणात रणरणतं ऊन आणि पडवीत अंधार. ३५ एमएमची लेन्स, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता) १६००, शटर १/३० सेकंद असं ठेवलं की धोटा पुसट येतो आणि हात स्थिर दिसतात. फोटोआधी "पुएदो?" विचारायचं, म्हणजे 'काढू का?' दोनदा "नाही" ऐकलं, कॅमेरा खाली घेतला. छोटा प्रिंटर न्यायला हवा होता. ज्यांचे फोटो काढले, त्यांना ते हातात हवे होते.

हो, तिथली लोकरीची सतरंजी घेणार असाल तर आधी बॅगेत जागा ठेवा. येताना त्याच कंपनीच्या काउंटरवर मी फाइल उघडून तयारच होते. मुलीने पासपोर्ट पाहिलाही नाही. माझ्या गुंडाळीकडे बोट दाखवून म्हणाली, "वजन करा."