मुरण्याची चाचणी अडली 'खोदाई'च्या अर्जात

पुण्यात पावसाचं पाणी कुठे किती मुरतं याचा नकाशा करायचा तर बागा, मैदानं, मोकळे भूखंड अशा सगळ्या जागी चाचण्या घ्याव्या लागतात. जागा निवडणं, चाचणीची लोखंडी कडी बनवून घेणं, माणसं जमवणं हे सगळं सुरळीत झालं. अडलं ते एका अर्जावर, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

जागा ज्यांच्या ताब्यात, त्या कार्यालयाकडे छापील नमुना एकच: खोदाईचा. लांबी, रुंदी, खोली, केबल की पाइप, जागा पूर्ववत करण्याचं शुल्क. आमच्या चाचणीत खोदाई नसतेच. ३० आणि ६० सेंमी व्यासाची दोन लोखंडी कडी एकात एक ठेवून जमिनीत १०-१५ सेंमी ठोकायची, दोन्हींत पाणी भरायचं, आतल्या कड्यातली पातळी किती वेळात किती उतरते ते मोजायचं आणि कडी उपटून निघायचं. मागे गवतात दोन गोल चिरा राहतात, बस. पण 'खोली'च्या रकान्यात १५ सेंमी लिहिलं की फाइल रस्ते-खोदाईच्या टेबलावर जाते आणि तिथे अनामत मागतात. शून्य लिहिलं तर 'परवानगीची आवश्यकता नाही' असा शेरा मारून परत येते, आणि तो शेरा दाखवला तरी बागेचा रखवालदार आत सोडत नाही. त्याची काही चूक नाही, त्याला सही-शिक्क्याचं पत्र लागतं.

अर्ज पावसाळा संपता संपता दिला होता, तो मुद्दाम. काळी माती तेव्हा फुगलेली असते, भेगा मिटलेल्या असतात, आणि तिचा खरा संथ वेग तेव्हाच कळतो: तासाला साधारण १ ते ५ मिमी. पत्र हातात येईपर्यंत उन्हाळा लागला. भेगाळलेल्या त्याच मातीत आतल्या कड्यातलं पाणी डोळ्यांदेखत नाहीसं होतं आणि आकडा वाळूपेक्षा मोठा येतो. पहिल्या वळवासाठी तो खरा आहे, ऑगस्टच्या झडीसाठी नाही. पावसाळी गटारांच्या हिशोबात तो शिरला तर गटारं लहान काढली जातील. म्हणून काळ्या मातीच्या सगळ्या जागा पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा मोजाव्या लागल्या. टेबलावर जो उशीर वाटतो, तो नकाशात अख्खा ऋतू असतो.

फाइल हलली ती अशी. छापील नमुना सोडून साध्या कागदावर अर्ज केला, विषय 'खोदाईविरहित माती चाचणी', आणि परवानगीऐवजी ना हरकत पत्र मागितलं. सोबत कडी ठोकलेली असतानाचा व उपटल्यानंतरचा असे दोन फोटो, आणि जागांची यादी नकाशासह जोडली. आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तरीही हललं नाही तर माहिती अधिकारात, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, फाइल कोणत्या टेबलावर कधीपासून आहे एवढंच विचारा. उत्तराची मुदत ३० दिवस असते.

आता प्रत्यक्ष कामाचं. कड्यावर आडवं लाकूड ठेवून घणाने ठोका, बाजू फिरवत, म्हणजे कडं तिरकं जात नाही. भरावाच्या जमिनीत विटांचे तुकडे, राडारोडा लागतो; अडलं की जोर करू नका, कडं काढून हातभर सरका. नाहीतर कडेने फट पडते आणि पाणी मातीत न मुरता फटीतून जातं. भरताना तळाशी गोणपाट ठेवा, नाहीतर धारेने माती ढवळते आणि गाळ बसून छिद्रं बुजतात. १० सेंमी भरायला दोन्ही कड्यांना मिळून सुमारे २८ लिटर पाणी लागतं. बाहेरच्या कड्यातली पातळी आतल्याइतकीच ठेवा, कारण आडवं पसरणारं पाणी त्यानेच पुरवायचं असतं. आधी दर ५ मिनिटांनी, मग १५, मग ३० मिनिटांनी मोजा. लागोपाठची वाचनं जवळपास सारखी आली की थांबा, आधी नाही. मुरमात हे लवकर होतं, काळ्या मातीत चांगलाच वेळ जातो.

पाण्याचं तापमान लिहा. ३० अंशांचं पाणी २० अंशांच्या पाण्यापेक्षा सुमारे पाव पटीने जास्त वेगाने मुरतं, कारण ते पातळ असतं. दुपारची आणि सकाळची वाचनं तशीच शेजारी मांडली तर फरक मातीचा वाटतो.

नकाशा करताना दोन बिंदूंमधली जागा संगणकाकडून सरसकट भरून घेऊ नका. बागेतली हिरवळ आणि पलीकडची तुडवलेली पायवाट यांच्यात हळूहळू बदल होत नाही, तिथे एकदम सीमारेषाच असते. आधी जमिनीचे प्रकार पाडा: काळी माती, मुरूम, भराव, दाबलेलं मैदान. मग प्रत्येक प्रकाराची भूमितीय सरासरी काढा, म्हणजे सगळे आकडे एकमेकांत गुणून, जितके आकडे तितकावं मूळ. साधी सरासरी एखाद्या उंदराच्या बिळानेही फुगते.

अर्जातल्या जागांच्या यादीत थोड्या जास्तीच्या जागा घाला. एखादी फरशीखाली गेलेली निघतेच, आणि नव्या जागेसाठी पुन्हा त्याच खिडकीवर उभं राहावं लागतं.