पोटातलं पाणी काढलं, मग अल्ब्युमिन कशाला?

आज वॉर्डात पुन्हा हाच प्रश्न आला. बाटली महाग, त्यामुळे प्रश्न रास्तच.

अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन पाण्याला रक्तवाहिनीत धरून ठेवतं. रक्तातल्या प्रथिनांची ही ओढ साधारण २५ मिमी पारा, त्यात सुमारे पाऊण वाटा एकट्या अल्ब्युमिनचा. ते यकृतात बनतं, रोज १०-१५ ग्रॅम. सिरोसिसमध्ये (यकृत व्रणांनी कडक होण्याच्या आजारात) हे उत्पादन घटतं, शिवाय आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणाऱ्या पोर्टल शिरेतला दाब वाढतो आणि पाणी पोटात झिरपतं. नुसतं अल्ब्युमिन कमी झालं म्हणून जलोदर होत नाही, हे बरेचदा विसरलं जातं.

सुईने ५ लिटरपेक्षा जास्त पाणी काढलं की रक्ताभिसरण ढासळू शकतं: बीपी उतरतं, सोडियम घसरतं, क्रिएटिनिन चढतं (म्हणजे मूत्रपिंडाचं काम मंदावतं). म्हणून काढलेल्या दर लिटरमागे ६ ते ८ ग्रॅम अल्ब्युमिन शिरेतून देतात. ८ लिटर काढले, तर २० टक्क्यांच्या १०० मिलीच्या तीन बाटल्या, म्हणजे ६० ग्रॅम.

"अंडी खाऊन भागणार नाही का?" खा, जरूर खा! पण पचनात त्यांची अमिनो आम्लं होतात. त्यांचं अल्ब्युमिन करायचं काम पुन्हा त्याच थकलेल्या यकृताकडे. आणि पापड-लोणचं बंद, मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आसपास.