फ्रेंचमेन स्ट्रीटवरून वर, जेली रोल मॉर्टनच्या घराकडे

न्यू ऑर्लिन्सला जाणारे बहुतेक लोक फ्रेंचमेन स्ट्रीटवर संध्याकाळी जातात, दोन-तीन क्लब फिरतात, ब्रास बँड ऐकतात आणि हॉटेलवर परत. मी सकाळी गेलो आणि नदीकडे पाठ करून सरळ वर चालत सुटलो. सेंट क्लॉड अव्हेन्यू ओलांडला की टुरिस्ट संपतात, नुसती राहती वस्ती, आणि तिथेच १४४३ नंबरचं साधं लाकडी घर आहे, जॅझच्या सुरुवातीच्या काळातला पियानोवादक आणि संगीतकार जेली रोल मॉर्टनच्या लहानपणचं. बाहेरूनच बघायचं. पण मला त्या रस्त्यावर उभं राहायचंच होतं.

खरं नाव फर्डिनांड. घराणं क्रिओल, म्हणजे मिश्र वंशाचं, फ्रेंच वळणाचं आणि इभ्रतीला फार जपणारं. हा पोरगा रात्री स्टोरीव्हिलमध्ये, म्हणजे शहराने आखून दिलेल्या वेश्यावस्तीत, पियानो वाजवायचा आणि घरी सांगायचा की पिंपांच्या कारखान्यात रात्रीचा वॉचमन आहे. पणजीला कळलं आणि तिने सरळ घराबाहेर काढलं. मग गावोगाव भटकणं, पियानो, पत्ते, बिलियर्ड्स, जे जमेल ते.

तिथून बेसिन स्ट्रीटला गेलो, जिथे स्टोरीव्हिल होतं. स्टोरीव्हिल १९१७ मध्ये नौदलाच्या दबावाने बंद झालं आणि १९४० च्या सुमारास बहुतेक सगळं पाडून तिथे सरकारी घरं बांधली, त्यामुळे जुनं फारसं काही दिसत नाही, खूप वाईट वाटलं. शहराच्या विमानतळाला जॅझचा ट्रम्पेटवाला लुई आर्मस्ट्राँगचं नाव, मोठ्या पार्कलाही आर्मस्ट्राँगचंच, ते योग्यच आहे, पण मॉर्टनला आपणच शोधत फिरायचं.

लोक त्याला बढाईखोर म्हणतात कारण जॅझचा शोध मी १९०२ मध्ये लावला असं तो छातीठोकपणे सांगायचा. एका माणसाने शोध लावला हे मलाही पटत नाही, पण त्याचं 'जेली रोल ब्लूज' १९१५ मध्ये छापून आलं, जॅझची पहिली रेकॉर्ड निघायच्या दोन वर्षं आधी, हे कसं विसरायचं? आणि १९३८ मध्ये वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये लोकसंगीत गोळा करणाऱ्या ॲलन लोमॅक्ससमोर पियानोवर बसून तो जे बोललाय, वाजवलंय, ते मी चालताना हेडफोनवर ऐकत होतो. स्कॉट जॉप्लिनचा 'मेपल लीफ रॅग', म्हणजे जॅझच्या आधीच्या रॅगटाइम या पियानो-शैलीतली रचना, तो आधी मिझुरीवाले वाजवायचे तसा वाजवतो, आणि मग स्वतःच्या पद्धतीने, डावा हात मोकळा सुटतो, डग्ग्यावर घुमारा यावा तसा, ताल झुलायला लागतो आणि रॅगटाइमचं जॅझ कसं झालं ते कोणी न समजावता कळतं. मध्येच हबानेराचा ठेका, क्युबा-मेक्सिकोकडून आलेला. त्याचं म्हणणंच होतं की हा स्पॅनिश रंग नसेल तर जॅझमध्ये चव नाही. बंदराचं शहर आहे हे, सगळीकडून गाणं यायचं, आणि ते सगळं त्याने दहा बोटांत आणलं.

१९२६ मध्ये शिकागोत रेड हॉट पेपर्स या आपल्या बँडबरोबर केलेल्या रेकॉर्डिंग्ज तर अप्रतिमच, कोणी कधी थांबायचं, कोणी कुठे सुटायचं सगळं बांधलेलं, तरी ऐकताना वाटतं आत्ताच सुचलंय. पण पुढे स्विंगची, म्हणजे मोठ्या बँडच्या नाचायच्या जॅझची लाट आली, १९३५ मध्ये बँडवाला बेनी गुडमनने त्याचंच 'किंग पोर्टर स्टॉम्प' वाजवून देश गाजवला आणि मॉर्टन वॉशिंग्टनच्या एका छोट्या बारमध्ये वाजवत होता. याचा मला अजूनही राग येतो. १९४१ मध्ये लॉस एंजेलिसला वारला.

जाणार असाल तर आधी रेड हॉट पेपर्सचं 'ब्लॅक बॉटम स्टॉम्प' ऐका, मग लोमॅक्सची रेकॉर्डिंग्ज, तासन् तास आहेत, आणि फ्रेंचमेनला सकाळीच जा.