डोक्यातलं प्रेशर: गोळ्या, शंट का स्टेंट?

आमच्या वहिनीला आयआयएच (इडिओपॅथिक इंट्राक्रेनियल हायपरटेन्शन, म्हणजे कारण न सापडता डोक्यातलं प्रेशर वाढायचा आजार) निघाल्यापासून परभणीतले निम्मे पाहुणे मला फोन करून विचारायलेत की ऑपरेशन करायचं का गोळ्यांवर भागंल, म्हणून एकदाच लिहून टाकते. या आजारात मेंदूभोवतीच्या पाण्याचं प्रेशर वाढतं, एमआरआयमध्ये गाठ नाही, शिरेत गुठळी नाही, आणि कमरेतून सुई घालून मोजलं की प्रेशर २५ सेंटीमीटरच्या वर. बहुतेक करून वजन जास्त असलेल्या तरण्या बायांना होतो.

माझं म्हणणं एकच, उपाय ठरवताना डोकं किती दुखतंय यापेक्षा डोळे किती बिघडलेत ते आधी बघा, कारण हे प्रेशर डोळ्याच्या नसेवर येतं आणि नजर जाऊ शकते. वहिनी वाकून घागर उचलायची तेव्हा दोन-चार सेकंद डोळ्यापुढं अंधारी यायची, कानात नाडीसोबत सूं सूं. भिंतीवरचा तक्ता ती खालच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचायची, पण फील्ड टेस्ट केली, म्हणजे मशीनमध्ये तोंड घालून ठिपका दिसला की बटन दाबायचं, तर रिपोर्टच्या कागदावर कडंनं सगळं काळं. नजर आधी कडंनंच जाते हो, पेशंटला पत्ताही लागत नाही.

नजर थोडीच गेली असंल तर गोळ्या आणि वजन कमी करणं. अॅसिटाझोलामाइड, म्हणजे आपली डायमॉक्स. २०१४ ला १६५ पेशंटचा अमेरिकेतला अभ्यास आला, त्यात नुसत्या डाएटपेक्षा डाएट आणि ही गोळी मिळून नजर जास्त सुधारली. त्रास आहेच, भाकरी थापताना वहिनीच्या बोटांना मुंग्या येतात, सोडा बेचव लागतो, मुतखड्याचीही भीती असते. काहींना टोपिरामेट देतात, त्यानं डोकेदुखीला आराम पडतो आणि भूकही कमी होते, पण पोटातल्या बाळाला ती धोक्याची आणि पाळणा लांबवायच्या गोळीचा असर कमी करते, हे लग्न झालेल्या पोरींना कुणीतरी स्पष्ट सांगायला पाहिजे!

वजनाचं मात्र खरंच मनावर घ्या. २०२१ च्या ब्रिटनमधल्या अभ्यासात वजन कमी करायचं ऑपरेशन झालेल्या बायांचं प्रेशर डाएटवाल्या बायांपेक्षा जास्त उतरलं.

आता नजर भराभर जायली असंल तर वजन उतरायची वाट बघत बसायला वेळच नसतो. तिथं शंट, पाणी पोटात सोडणारी नळी, काम लवकर करते पण तुंबते, इन्फेक्शन होतं, पुन्हा ऑपरेशनची पाळी येते. डोळ्याच्या नसेच्या आवरणाला चीर देतात त्यानं नजर वाचू शकते, डोकेदुखीचा तेवढा भरवसा नाही. स्टेंट, म्हणजे शीर उघडी ठेवणारी जाळीची नळी, ज्यांची मेंदूतली मोठी शीर अरुंद झालीय त्यांच्यासाठीच, नंतर रक्त पातळ करायच्या गोळ्या आल्याच.

पिंपल्ससाठी डॉक्सीसायक्लिन, आयसोट्रेटिनॉइन किंवा व्हिटॅमिन ए चालू असंल तर डॉक्टरला आधी सांगा, त्यानंही प्रेशर वाढतं. आणि दर खेपेला जुने फील्डचे कागद सोबत न्या, दोन कागद शेजारी ठेवले की काळं वाढलं का कमी झालं ते डॉक्टरला लगेच कळतं.