दुकानात ब्लूटूथ प्रिंटर लावला त्याची गोष्ट

पंचवटी कारंजाजवळ आमचं छोटं दुकान आहे, चिवडा, बेदाणे, काळा मसाला, पापड असलं सगळं. इतकी वर्षं बिलबुक आणि कार्बनवर भागलं, पण शनिवार-रविवारी रामकुंडावरून माणसं निघाली की सगळी एकदम काउंटरवर येतात, तेव्हा बिल लिहीत कोण बसणार. म्हणून ५८ एमएम रुंद कागदाचा ब्लूटूथ थर्मल प्रिंटर घेतला, म्हणजे शाई नाही, कागद तापवून छापणारा. कॉम्प्युटर नको, वायर नको, मोबाईलवरूनच बिल.

जोडायला खरंच सोपा आहे. ब्लूटूथ चालू केलं, प्रिंटरचं नाव आलं, पिन ०००० (काहींचा १२३४ असतो), झालं. फक्त बायकोच्या आयफोनवरून काही केल्या चालेना. भाचा डिप्लोमाला आहे, तो म्हणाला, "मामा, हा जुन्या पद्धतीचं ब्लूटूथ वापरतो, आयफोनला ते अ‍ॅपलच्या मान्यतेशिवाय चालत नाही, नाहीतर बीएलईवाला, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या ब्लूटूथचा प्रिंटर लागतो." आयफोनवाल्यांनी घेण्याआधी हे विचाराच, खोक्यावर कुठे लिहिलेलं नसतं.

खरी मजा मराठीची. आमच्याकडे पेठ, सुरगाणा, दिंडोरीकडची गिऱ्हाईकं भरपूर, त्यांना बिल मराठीत पाहिजे. टाकलं ‘काळा मसाला’ आणि छापून आली चिनी अक्षरं! आई म्हणे, हे काय रे, परत करून ये. पण बिघाड नव्हता. या प्रिंटरच्या पोटात इंग्रजी आणि चिनीचे फॉन्ट भरलेले असतात, देवनागरी नसते, मग आपली अक्षरं तो चिनी समजून छापतो. उपाय म्हणजे अ‍ॅपमध्ये बिल फोटो म्हणून पाठवायचा पर्याय चालू करायचा, म्हणजे जोडाक्षरं, वेलांट्या सगळं मोबाईल काढतो आणि प्रिंटर नुसते ठिपके मारतो. छान येतं, पण हळू. ठिपक्यांच्या एका ओळीत ३८४ ठिपके म्हणजे ४८ बाइट, एका मिलिमीटरला ठिपक्यांच्या अशा ८ ओळी, तर १२ सेंटीमीटरच्या बिलाला ४६ हजार बाइटच्या आसपास जातात, तेच साध्या इंग्रजी अक्षरांत काही शे बाइटमध्ये भागतं. गर्दीत हा वेळ जाणवतो. मग लोगो काढला, पत्ता एका ओळीत आणला, ‘पुन्हा अवश्य या’ पण उडवलं (बाबांना ते आवडलं नाही).

दुसरी कटकट म्हणजे एक फोन जोडलेला असला की दुसऱ्याला तो घेत नाही. बाबांनी बिल काढलं की त्यांच्याच फोनला चिकटून बसायचा आणि मी इकडे नुसता बटण दाबतोय. शेवटी घरातला जुना अँड्रॉइड काउंटरवर ठेवून दिला, बिल फक्त त्यावरूनच.

मधेच तुटायचं पण. विकणारा म्हणाला वायफाय बंद करा. आता दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवर चालतात हे खरं, पण जुनं ब्लूटूथ ७९ चॅनलवर सेकंदाला १६०० वेळा उड्या मारतं आणि वायफायने अडवलेली जागा टाळतं, त्यामुळे मला ते पटलं नाही. प्रिंटर ठेवला होता मागे पॅकिंगजवळ, मधे लोखंडी रॅक आणि पत्र्याचे डबे, वर पुढे माणसांची भिंत. पत्रा सिग्नल अडवतो आणि माणसाच्या अंगातलं पाणी तो शोषतं. खोक्यावर १० मीटर लिहिलंय ते मोकळ्या जागेचं. प्रिंटर लाकडी काउंटरवर आणला, वायफाय तसंच चालू ठेवलं, तेव्हापासून त्रास नाही.

आणि हो, ०००० पिन जगाला माहीत असतो. एक दिवस दुपारी प्रिंटर आपोआप चालू झाला आणि इंग्रजी अक्षरांत ‘काका चहा सांगा’ असा कागद बाहेर आला, शेजारच्या दुकानातलं पोरगं! त्याला चहा पाजला आणि त्याच दिवशी पिन बदलला.

वजनकाटाही जोडायचा होता, म्हणजे वजन थेट बिलात येईल. काटेवाला म्हणाला उघडून आत मॉड्यूल बसवतो. मी नको म्हणलं, कारण सील तुटलं की परत स्टॅम्पिंग, म्हणजे काट्याची सरकारी तपासणी आणि शिक्का आला, आणि मधे वजनमापेवाले तपासायला आले तर दंड वेगळाच. आमच्या काट्याला मागे आरएस-२३२चं पोर्ट (वजनाचे आकडे वायरने बाहेर द्यायची जुनी जागा) आहे, त्यालाच बाहेरून छोटा ब्लूटूथ अ‍ॅडॉप्टर लावला. सुरुवातीला आकडे वेडेवाकडे यायचे, दोन्हीकडचा बॉड रेट (आकडे पाठवायचा वेग) ९६०० केला तेव्हा सरळ झाले.

थर्मल कागद उन्हात काळा पडतो आणि छपाई काही महिन्यांत उडते, म्हणून जीएसटीचं बिल लागणाऱ्यांना आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवरच पाठवतो.

आता २०२७च्या सिंहस्थाची गर्दी डोळ्यासमोर आहे. मुख्य काउंटरला ८० एमएमचा वायरवालाच प्रिंटर घेणार आहे, आणि हा ब्लूटूथवाला घाटाच्या बाजूला स्टॉल मिळाला तर तिकडे जाईल, चार्जिंगवर चालतो ना.